बिल थकवणे हेही कर्जच आहे : विदर्भातील ६२ आमदारांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातून निवडून आलेले विधानसभेचे सर्व ६२ सदस्य,
विधानभवन, नागपूर

सन्माननीय सदस्यहो,
सादर नमस्कार.

नागपूरच्या डिसेंबर २०२५ च्या हिवाळी अधिवेशनात ७५,२८६ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या वाढीव खर्चाच्या मागण्या, आपल्यासमोर आल्या. जुलैत मुंबईला ५७,५०९ कोटींच्या आल्या होत्या. दोन्ही मिळून १ लाख ३२ हजार कोटींच्या वर जातात. मार्च २०२५ मध्ये आपणच मंजूर केलेला अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा होता. म्हणजे त्याच्या जवळपास पाचव्या हिश्श्याइतक्या मागण्या आठ-नऊ महिन्यांत पुरवणीतून आल्या. यातल्या काही नोंदी निव्वळ हिशेबाच्या असतात, प्रत्यक्ष भार त्याहून कमी असतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही आठवडाभराच्या अधिवेशनात एवढ्या रकमेवर किती तास चर्चा होते, हे आपणही जाणता.

हे पत्र लिहिणारे आम्ही दारव्हा, दिग्रस, पुसद या भागातले आहोत. काही जण कोषागारातून आणि पंचायत समितीच्या लेखा शाखेतून निवृत्त झाले, काही ग्रामपंचायतींचे आजी-माजी सदस्य आहेत, काही ठिबक संचांचे विक्रेते आहेत आणि बहुतेक सगळे कास्तकार आहेत. राज्याच्या कर्जाशी आमचा संबंध वर्तमानपत्रापुरता नाही. तिजोरीत पैसा नसला की त्याची पहिली झळ ज्या टेबलावर लागते, त्या टेबलाच्या अलीकडे किंवा पलीकडे आमचे आयुष्य गेले आहे.

आधी आकडे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पानुसार वर्षअखेरीस राज्यावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. सहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत ते जवळपास दुप्पट आहे. लोकसंख्या १३ कोटी धरली तरी माणशी ७१ हजारांचा बोजा. यावर मंत्रालयातून ठरलेले उत्तर येते : कर्ज स्थूल राज्य उत्पन्नाच्या १८.८७ टक्के आहे, २५ टक्क्यांची मर्यादा अजून लांब आहे, काळजीचे कारण नाही. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कारण व्याज राज्य उत्पन्नातून भरले जात नाही, ते सरकारच्या महसुलातून भरले जाते. राज्य उत्पन्नात पुण्याच्या कारखान्यात तयार होणारे मूल्य येते आणि आमच्या तुरीचे उत्पन्नही येते, त्यातले सरकारच्या हातात पडते ते फक्त कराइतके. २०२५-२६ मध्ये महसुली जमा ५ लाख ६० हजार कोटींची अपेक्षित होती आणि व्याजापोटी ६४ हजार कोटींहून जास्त द्यायचे होते. शंभर रुपये आले की साडेअकरा रुपये व्याजाला जातात. दिवसाला पावणेदोनशे कोटी, रविवार धरून.

त्याहून गंभीर आकडा दुसरा आहे. २०२५-२६ ची राजकोषीय तूट, म्हणजे उसने घेऊन भरायची एकूण तूट, १,३६,२३५ कोटी आणि त्यातली महसुली तूट, म्हणजे चालू खर्चाला महसूल कमी पडतो तेवढी, ४५,८९१ कोटी. म्हणजे सरकार शंभर रुपये उसने घेते तेव्हा त्यातले सुमारे चौतीस रुपये धरण, कालवा, रस्ता, दवाखाना यांपैकी कशालाच लागत नाहीत. ते पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदान अशा चालू खर्चात जातात. हा अंदाज मार्चमधला, पुरवणी मागण्यांच्या आधीचा.

कास्तकाराला हे समजावून सांगावे लागत नाही. मार्च महिन्यात सोसायटीचे पीककर्ज 'नवं-जुनं' कसे होते ते आपल्या मतदारसंघातल्या कोणत्याही गटसचिवाला विचारा. चार दिवसांसाठी सावकाराकडून रक्कम उचलायची, जुने खाते भरायचे, नवे कर्ज काढून सावकाराचे फेडायचे. कागदावर खाते नियमित दिसते. मुद्दल एक रुपयाने कमी होत नाही, उलट व्याजाची भर पडून दरवर्षी फुगते. राज्य सरकार रिझर्व्ह बँकेमार्फत जे कर्जरोखे विकते त्यांचेही असेच आहे. त्या रोख्यांचे मुद्दल हप्त्याहप्त्याने फेडायचे नसते, मुदत संपली की एकरकमी द्यायचे असते. करोनाच्या काळात काढलेल्या दहा वर्षांच्या रोख्यांचे मुद्दल २०३० पासून एकदम अंगावर येईल. ते नव्या रोख्यांतूनच फेडले जाणार, आणि त्या वेळी बाजारात व्याजाचा दर काय असेल ते कोणाच्याच हातात नाही.

एवढे बोलून आम्ही मूळ तक्रारीकडे येतो. ९ लाख ३२ हजार कोटींच्या या आकड्यात सरकारचे एक मोठे देणे धरलेलेच नाही.

राज्य सरकारचे हिशेब रोखीच्या तत्त्वावर ठेवले जातात. पैसा तिजोरीतून बाहेर पडला तर खर्च, नाही तर नाही. काम झाले, माल आला, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, पण बिल दिले नाही, तर सरकारच्या हिशेबात ते देणे अस्तित्वातच नसते. याची कार्यपद्धती अशी : अर्थसंकल्पात तरतूद असते, पण ती वित्त विभाग टप्प्याटप्प्याने 'बीम्स' या संगणक प्रणालीवर सोडतो. तिथे निधी दिसल्याशिवाय आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कार्यालयाचे पैसे काढून वाटणारा अधिकारी, देयक कोषागारात सादरच करू शकत नाही. कोषागाराला त्याच्याकडे आलेली देयके माहीत असतात. निधी नाही म्हणून कार्यालयाच्या कपाटातच राहिलेले देयक कोषागार मोजत नाही, महालेखापालांच्या कर्जाच्या तक्त्यात ते येत नाही, आणि आपल्यासमोर ठेवल्या जाणाऱ्या अर्थसंकल्पीय पुस्तकांतही ते सापडत नाही. कंत्राटदारांच्या संघटना सांगतात की सगळ्या विभागांची मिळून थकबाकी सुमारे ८९ हजार कोटींची आहे. हा त्यांचा दावा आहे. तो खरा की फुगवलेला, हे ठरवायला सरकारचा स्वतःचा आकडा हवा, आणि तो जनतेसमोर नाही.

हे थकलेले देणे हवेत राहत नाही, ते कोणाच्या तरी डोक्यावर असते. कोणाच्या, ते ठिबकच्या एका संचावरून दाखवतो.

एक हेक्टर कपाशी, नळ्यांतले अंतर १.२ मीटर. स्क्रीन फिल्टर, सबमेन, लॅटरल, ड्रिपर, व्हेंच्युरी आणि जोडणीची मजुरी धरून खर्च सव्वा लाखाच्या आसपास जातो. अल्प व अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याच्या पूरक योजनेतून २५ टक्के, असे ८० टक्के अनुदान आहे. म्हणजे साधारण एक लाख. पद्धत अशी की महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, मग पूर्वसंमती, मग शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने संच बसवायचा, बिल चढवायचे, मोका तपासणी (शेतावर येऊन केलेली पाहणी) व्हायची आणि त्यानंतर रक्कम खात्यावर. पैसा शेतकऱ्याने आधी घालायचा आहे. एक लाख रुपये घरात असलेला अल्पभूधारक आमच्या भागात दुर्मिळच, त्यामुळे ते एक तर विक्रेत्याच्या उधारीवर येतात किंवा सावकाराकडून महिना शेकडा दोनने, म्हणजे वर्षाला चोवीस टक्क्यांनी. मोका तपासणी वेळेत होते, त्यात आमची तक्रार नाही. त्यानंतर 'निधी उपलब्ध नाही' एवढे एकच उत्तर मिळते. अनुदान दीड वर्ष अडकले की लाखावर ३६ हजार व्याज चढते. सरकारच्या कागदावर त्या शेतकऱ्याला एक लाख मिळाले, प्रत्यक्षात चौसष्ट हजार मिळाले.

आता या दोन दरांकडे बघा. राज्य सरकारला बाजारात सात-साडेसात टक्क्यांनी कर्ज मिळते. ते कर्ज न काढता, किंवा काढून दुसरीकडे वापरून, सरकार शेतकऱ्याचे लाख रुपये थकवते तेव्हा कर्ज टळत नाही. ते सात टक्क्यांच्या बाजारातून चोवीस टक्क्यांच्या बाजारात जाते, आणि फेडणारा बदलतो. राज्याची तूट कागदावर राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत राहते, त्याची किंमत दारव्ह्याचा कास्तकार भरतो. आमचा आक्षेप नेमका यावर आहे.

घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जलजीवन मिशनच्या कामांचे तेच झाले. योजना केंद्र-राज्य निम्मी-निम्मी. केंद्राचा हप्ता अडला की राज्य म्हणते आमचा हिस्सा तयार आहे, राज्याचा अडला की केंद्राकडे बोट. मध्ये गावातले काम थांबते. अर्धवट थांबलेले पाणीपुरवठ्याचे काम जसेच्या तसे टिकत नाही, हे मंत्रालयात बसून कळत नसावे. जलकुंभाचे खांब वर येऊन स्लॅब थांबला की उघड्या सळया दोन पावसाळ्यांत गंजतात. पुढे काम सुरू करताना तो गंज घासून काढावा लागतो किंवा सळई बदलावी लागते, आणि हे कोणी केले नाही तर जोड तिथेच कमजोर राहतो. पीव्हीसीचे पाइप चंद्रपूर-यवतमाळच्या ४५ अंशांच्या उन्हात उघडे पडले की ठिसूळ होतात. दाबाची चाचणी न करता बुजवलेल्या वाहिनीतली गळती नळ सुरू झाल्यावरच कळते, तोवर वरचा सिमेंट रस्ता झालेला असतो. नळासाठी खोदलेला गावातला रस्ता दुरुस्त करायचा खर्च ग्रामपंचायतीच्या माथी येतो. लहान कंत्राटदार जीएसटी भरून, सिमेंटवाल्याची उधारी अंगावर घेऊन बसलेला असतो. राज्यात याच ओझ्याखाली एका तरुणाने जीव दिला, ते आपण वाचले आहे. यात जो विलंब झाला त्याचा वाढीव दर पुन्हा सरकारलाच द्यायचा आहे. बिल थकवून सरकार काही वाचवत नाही.

विलंबाचे मोल काय असते, याचे उदाहरण विदर्भाइतके कोणाकडे नसेल. गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन एप्रिल १९८८ मध्ये झाले तेव्हा खर्च ३७२ कोटी धरला होता. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. अडीच लाख हेक्टरचे सिंचन ठरले होते, भंडारा-चंद्रपूरच्या शेवटच्या टोकापर्यंत ते अजून पोचलेले नाही. आता वैनगंगा-नळगंगा नदीजोड सुमारे ८८ हजार कोटींचा, ४२६ किलोमीटरचा. पवनारपासून सुरू होणाऱ्या शक्तिपीठ महामार्गासाठी भूसंपादनाला हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेकडून १२ हजार कोटींचे कर्ज. आम्ही या प्रकल्पांच्या विरोधात लिहीत नाही. नळगंगेपर्यंत पाणी आले तर बुलडाण्याला ते हवेच आहे. पण कर्जाचे व्याज पैसा उचलल्या दिवसापासून सुरू होते, पाणी आणि टोल काम पूर्ण झाल्यावर. दरवर्षी थोडा थोडा निधी टाकून काम तीस वर्षे रेंगाळत ठेवायचे असेल, तर ते सुरू न करणे स्वस्त पडेल. आणि महामंडळांच्या नावावर काढलेली, पण राज्याच्या अर्थसंकल्पातून फेडली जाणारी कर्जे २०२२ पासून केंद्र सरकार राज्याच्याच कर्जमर्यादेत मोजते. जनतेला मात्र हा एकत्रित आकडा कोणी सांगत नाही.

आता घोषणांबद्दल. इथे आम्ही कोणत्याही एका पक्षाला उद्देशून लिहीत नाही, कारण आपण सगळेच त्यात आहात. २०२४ च्या निवडणुकीत महायुतीने लाडक्या बहिणींना महिना २,१०० रुपये देऊ म्हटले, महाविकास आघाडीने ३,००० म्हटले. पैसा कुठून, हे दोन्हीकडच्या जाहीरनाम्यांत नव्हते. २ कोटी ४० लाख बहिणी धरा. १,५०० रुपयांनी वर्षाला ४३,२०० कोटी लागतात, २,१०० ने ६० हजार कोटींच्या वर आणि ३,००० ने ८६,४०० कोटी. २०२५-२६ मध्ये तरतूद ३६ हजार कोटींची होती. तरतूद गरजेपेक्षा कमी ठेवली की पुढचे ठरलेलेच असते : छाननी, ई-केवायसी, आणि पती-वडिलांच्या आधारचा ओटीपी कुठून आणायचा म्हणून सेतू केंद्रात बसलेली विधवा बाई. आमच्या घरांतल्या बायकांना या पैशाचा उपयोग होतो. तेल, औषध, मुलांच्या वह्या त्यातून येतात. योजना बंद करा असे आम्ही म्हणत नाही. पण ती चालवण्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी वळवले गेले, ते कोणाचे होते? अनुसूचित जातींतल्या आणि आदिवासी माणसांचे. एका गरिबाचे काढून दुसऱ्या गरिबाला देण्याला कल्याणकारी धोरण म्हणता येत नाही.

एक रुपयातला पीक विमा हेही तसेच. २०२३ ला गाजावाजा करून आणला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद केला. शेतकऱ्याचा हिस्सा परत सुरू झाला, आणि भरपाई आता पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळातल्या निवडक शेतांतल्या सरासरी उत्पन्नावर आली. महसूल मंडळातल्या एका गावाला गारपिटीने झोडपले आणि बाकी गावे वाचली, तर त्या गावाच्या हाती काही लागेलच याची खात्री नाही. दोन वर्षे चालेल अशी योजना करण्यापेक्षा थोडी लहान, पण वीस वर्षे चालेल अशी का करत नाही?

कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेऊ, असे सरकारने नागपूरच्या २०२५ मधल्या शेतकरी आंदोलनानंतर सांगितले होते. माफी करायची असेल तर जरूर करा, ती गरजेची आहे. पण २०१७ च्या कर्जमाफीची हिरवी यादी, म्हणजे पात्र शेतकऱ्यांची यादी, आठवा. नाव यादीत, रक्कम बँकेत आलेली नाही, सातबाऱ्यावर बोजा तसाच, आणि बोजा आहे म्हणून नवे पीककर्ज नाही. जाहीर केलेली पण बँकेला न दिलेली माफी शेतकऱ्याला पेरणीच्या तोंडावर सावकाराकडे पाठवते. नागपूर, वर्धा, बुलडाणा या जिल्हा बँका एकदा कोलमडल्या आहेत, उरलेल्यांना असे धक्के सोसत नाहीत.

आणि हे सगळे बघायला विदर्भासाठी वेगळा पहारेकरीही उरलेला नाही. वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, ते अजून पुन्हा अस्तित्वात आलेले नाही. निधी आटतो तेव्हा कात्री आधी कुठे लागते, हे मोजणारी यंत्रणाच बंद आहे.

आमच्या मागण्या अशा :

१. सरकारने थकीत देण्यांची विभागवार व तालुकावार यादी दर तिमाहीला संकेतस्थळावर टाकावी. काम किंवा तपासणी पूर्ण झाल्याची तारीख, रक्कम आणि किती दिवस थकले, एवढे तीन रकाने पुरेत. ठिबक, सिंचन विहिरींच्या कुशल कामाची देयके, शिष्यवृत्ती, जलजीवन, ग्रामीण रस्ते, सगळे त्यात यावे. कोषागारात न पोचलेली देयकेही यावीत, कारण खरे थकलेले तिथेच आहे.

२. शेतकऱ्याने आधी पैसा घालायचा आहे अशा प्रत्येक अनुदानाला मोका तपासणीनंतर ४५ दिवसांची मुदत द्यावी आणि ती लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित करावी. त्यापुढे दर महिन्याला व्याज द्यावे. सूक्ष्म व लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांचा हक्क आणि विलंबाला व्याज आहे. कास्तकाराला का नाही?

३. पुरवणी मागणीतल्या प्रत्येक नव्या योजनेसोबत पाच वर्षांचा खर्च आणि पैशाचा स्रोत लिहिलेले एक पान असावे. ते नसेल तर आपण त्या मागणीला हात वर करू नये, मग सरकार आपल्या पक्षाचे असो वा नसो.

४. महसुली तूट शून्यावर आणण्याचे वर्षनिहाय वेळापत्रक पुढच्या अर्थसंकल्पात मांडावे. महामंडळांची कर्जे आणि राज्याच्या हम्या धरून एकूण देण्याचा एकच आकडा पहिल्या पानावर छापावा.

५. अनुसूचित जाती व आदिवासी घटक योजनांचा निधी इतरत्र वळवता येणार नाही, असा कायदा करावा.

६. कर्जमाफी जाहीर होईल त्या दिवशी बँकांना द्यायची रक्कम अर्थसंकल्पात उपलब्ध असावी आणि बोजा उतरवण्याची तारीख शासन निर्णयातच लिहिलेली असावी.

७. विदर्भ विकास मंडळ पुन्हा स्थापन करावे.

पहिल्या मागणीला कायदा लागत नाही आणि नवा खर्चही नाही. वित्त विभागाचे एक परिपत्रक पुरते. आपण ६२ जणांनी मिळून अधिवेशन संपण्यापूर्वी तेवढे पत्र वित्तमंत्र्यांना द्यावे, आणि त्यावर कोणी सही केली व कोणी नाही, ते जाहीर करावे. आम्ही ती नावे आमच्या ग्रामसभांत वाचून दाखवू.

आपले,
दारव्हा, दिग्रस व पुसद तालुक्यांतील निवृत्त लेखा कर्मचारी, ग्रामपंचायत सदस्य, ठिबक विक्रेते आणि कास्तकार
जि. यवतमाळ